डावी पोटरी, पावणेसोळा इंच

युनिफॉर्म शिवणाऱ्या त्या कारखान्यात अकरा जणी मशीनवर बसत, एक काज-बटण करी, एक जण इस्त्री मारी आणि काचेच्या खोलीत मालक बसत. पण कापड कापायचा मान एकीचाच होता. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, मालकसुद्धा. ऐंशी थर कापड एकावर एक रचायचं, वर कागदी नमुना ठेवायचा, खडूनं रेघ ओढायची आणि मग कटिंग मशीनचं पातं आत घालायचं. इथे चुकलं तर एक शर्ट बिघडत नाही, ऐंशी बिघडतात. बावीस वर्षांत मास्तरीणबाईंच्या हातून दोनदा बिघडलं, आणि दोन्ही वेळा कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी स्वतः जाऊन मालकांना सांगितलं.

वय सत्तेचाळीस, अंगानं थोराड, तोंडानं फटकळ. लग्नाचा विषय निघाला की "केलं नाही" म्हणायच्या. कुणी "झालं नाही" म्हटलं तर त्याची खैर नसे. धाकटा भाऊ आणि भावजय यांच्या घरात मागच्या खोलीत त्या राहत. खोलीत एक पलंग, एक कपाट, भिंतीला टेकवलेले जुन्या नमुन्यांचे कागद आणि खिडकीत गोळ्यांचा डबा.

त्यांना स्किझोफ्रेनिया होता. ही काही कुजबुजून सांगायची गोष्ट नव्हती, कारण कामाला लागल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी ती मालकांना ठणकावून सांगितली होती. तेविसाव्या वर्षी सुरू झालं. दोनदा कित्येक महिने दवाखान्यात काढले. डोक्यात एक पुरुषी आवाज बोलायचा आणि त्यांच्या प्रत्येक कामात खोट काढायचा. मास्तरीणबाईंनी त्याचं नाव सुपरवायझर ठेवलं होतं. गोळ्यांनी तो गेला नाही, पण त्याची बदली लांबच्या खोलीत झाली, असं त्या सांगत.

"आज काय म्हणतोय सुपरवायझर?" काज-बटणवाली विचारायची. ती त्यांची मैत्रीण.

"म्हणतोय, तुझी काजं वाकडी आहेत."

"त्याला म्हणावं, खाली येऊन कर मग."

असं हसत-खेळत चाललं होतं. कापायच्या टेबलावर मास्तरीणबाईंनी एक नियम घालून दिला होता आणि त्यात कुणाचंही काही चालत नसे. माप एकीनं घ्यायचं, मोठ्यानं सांगायचं, आणि दुसरीनं लिहून परत वाचून दाखवायचं. मोजणाऱ्यानं लिहायचं नाही. का, तर मोजणाऱ्याच्या मनात आकडा आधीच बसलेला असतो. टेपवर साडेसोळा दिसलं तरी मनात सोळा असेल तर हात सोळाच लिहून मोकळा होतो. प्रत्येक मापाखाली तारीख, वेळ आणि लिहिणारीची सही. नव्या मुली या नियमाला वैतागायच्या. वैतागोत बापड्या.

त्या वर्षी मास्तरीणबाईंना ताप आला आणि दहा दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. ताप उतरला, कामावर गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी डावा पाय जड वाटायला लागला. पोटरीत आतून कुणीतरी पिळा देतंय असं दुखत होतं. रात्री भावाला सांगितलं, तेव्हा भाऊ जेवत होता. त्याचा हात ताटातच थांबला आणि त्यानं बायकोकडे पाहिलं.

ते पाहणं मास्तरीणबाईंना पाठ होतं. सहा वर्षांपूर्वी एकदा गोळ्या बदलताना त्यांचं बिनसलं होतं आणि आपल्या पोटात टाचण्या राहिल्यात असं त्यांनी चार दिवस घरादाराला ओरडून सांगितलं होतं. फोटो काढले, टाचणी एकही निघाली नाही. त्यांना स्वतःलाही नंतर ते पटलं. पण तेव्हापासून त्यांचं डोकं दुखो की दात, घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघायची आणि मग त्यांच्याकडे.

"ताई, गोळ्या चालू आहेत ना?" भावजयनं विचारलं.

"पाय दुखतोय म्हटलं मी. डोकं नाही."

"तसं नाही ताई, पण एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवून घेऊ ना. उगाच वाढायला नको."

आपल्या डॉक्टरांना म्हणजे मनोविकारवाल्यांना. त्या विभागात गेल्या तर तिथल्या माणसानं सांगितलं, पायाचं इथे नाही, जनरलला जा. जनरलच्या खिडकीवर नंबर सांगितला, तशी आतल्या कारकुनानं जुनी फाइल काढून नव्या केसपेपरला वरून टाचली. फाइलवर लाल शाईचा शिक्का होता: मनोविकार विभाग. ही फाइल मास्तरीणबाईंच्या आधी डॉक्टरांच्या टेबलावर पोचली. माणूस बाकावर, फाइल टेबलावर. त्या दवाखान्यात फाइल पेशंटच्या आधी बोलायची, आणि एकदा ती बोलली की पेशंटला बोलायला काही उरत नसे.

जाड भिंगांचा चष्मा लावलेले डॉक्टर होते. त्यांनी पान उलटलं. 'शरीरात टाचण्या असल्याचा भ्रम' ही ओळ त्यांनी वाचली, हे मास्तरीणबाईंना उलट्या बाजूनंसुद्धा दिसलं.

"पाय दुखतो?"

"डावा. जड झालाय. सुजलाय."

"बरं. झोप लागते का? कामाचा ताण आहे का? घरी काही भांडण?"

एवढं झालं आणि त्यांनी लिहायला घेतलं. मान वर नाही, नजर टेबलाच्या खाली नाही. रात्रीच्या एका गोळीच्या दोन केल्या आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले. मास्तरीणबाई सलवारचा पायचा वर घ्यायला वाकल्या होत्या, त्या तशाच वाकलेल्या राहिल्या, कारण पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं होतं. भयंकर राग आला होता त्यांना.

दुप्पट गोळीनं काय केलं, तर मास्तरीणबाईंना आडवं केलं. सकाळी डोळे उघडेनात, सुट्टीचा अख्खा दिवस त्या पलंगावर निपचित पडून होत्या. पाय आणखी फुगला. आणि लांबच्या खोलीतला सुपरवायझर जवळ येऊन बोलायला लागला: तुला काही झालेलं नाही. नाटकं करतेस. टाचण्या आठव.

खरी भीती इथे होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. डॉक्टर चुकतोय हे एक वेळ सोसता येतं. पण आपलाच अंदाज आपल्याला एकदा फसवून गेलेला असला, तर दुसऱ्या वेळी खात्री कुणाकडे मागायची? पाय खरंच सुजलाय का? की हेही टाचण्यांसारखंच? सोमवारी कामावर आल्या, टेबलाला धरून उभ्या राहिल्या, आणि समोर तो नियम होता. त्यांनीच घातलेला.

"इकडे ये," त्यांनी काज-बटणवालीला हाक मारली. "माप घे माझं."

"कशाचं?"

"दोन्ही पोटऱ्यांचं. मी बघणार नाही. तू मोठ्यानं सांग, आणि ती ओव्हरलॉक मशीनवरची लिहील."

कापडाच्या गठ्ठ्यांच्या आड बसून माप घेतलं. गुडघ्याच्या वाटीखाली सहा इंचांवर दोन्ही पायांना खडूनं खूण केली, म्हणजे रोज तिथेच टेप लागावा. उजवी चौदा. डावी पंधरा. मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पंधरा ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

"उजवी चौदा, डावी पंधरा."

त्यांना रडू आलं. भीतीचं नव्हतं ते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा पाय बघून काहीतरी सांगितलं होतं, आणि ते त्यांच्या म्हणण्याशी जुळत होतं. मंगळवारी सवापंधरा. बुधवारी साडेपंधरा. गुरुवारी पावणेसोळा, आणि पायाला नुसतं बोट लावलं तरी कळ यायला लागली. उजवी मात्र चारही दिवस चौदा. नमुन्याच्या खाकी कागदावर सगळं लिहिलेलं, तारखा आणि ओव्हरलॉकवालीच्या सह्यांसकट. त्या दिवशी टेबलापाशी नुसतं उभं राहूनही मास्तरीणबाईंना धाप लागली.

"मी सांगू?" काज-बटणवाली म्हणाली. "दुसऱ्या दवाखान्यात जा. नवा केसपेपर काढ. जुन्या आजाराचं बोलूच नकोस. माझ्यासारखी जा. माझा पाय कसा पटकन बघतील."

सल्ला सरळ होता आणि मास्तरीणबाईंनी तो घोळवून पाहिला. गप्प राहिलं तर पाय दिसेल. पण त्या कुठल्या गोळ्या घेतात हे न कळता डॉक्टरनं औषध दिलं तर? औषधावर औषध चढलं तर? आणि हे झालं शहाणपणाचं कारण. खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांनी बोलून टाकलं.

"मी काय चोरी केलीय? चोवीस वर्षं हा आजार अंगावर घेऊन उभी आहे मी. पाय दाखवायला तो घरी ठेवून जाऊ? मला डोकंही आहे आणि पायही आहे. दोन्ही घेऊनच जाणार, आणि त्याच डॉक्टरकडे जाणार."

"त्यानं ऐकलं नाही तर?"

"तर मी उठणार नाही."

शुक्रवारी काज-बटणवाली अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर आली. तीच खिडकी, तोच कारकून, तीच फाइल आधी आत. जाड भिंगवाल्या डॉक्टरांनी लाल शिक्का बघितला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"पंधरा दिवसांनी बोलावलं होतं ना?"

"पाय थांबायला तयार नाही."

"बाई, हे बघा, मागच्या वेळी आपण बोललो. मनावर ताण असला की असं वाटतं. गोळ्या नीट घेताय ना?"

"घेतेय. दोनच्या दोन. त्यानं झोप येते. सूज उतरत नाही."

"आवाज ऐकू येतात का अजून?"

आता इथे माणूस खोटं बोलतो. सगळेच बोलतात, कारण हो म्हटलं की पुढचं सगळं बोलणं त्या एका हो-मध्ये बुडतं. बाकावरची माणसं कान देऊन ऐकत होती. मास्तरीणबाई खुर्चीत ताठ बसल्या.

"येतो. एकाचा. आत्तासुद्धा बोलतोय."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, तुला काही झालेलं नाही, उगाच लोकांचा वेळ खाऊ नकोस, घरी जा. म्हणजे डॉक्टर, तुमचं आणि त्याचं एकमत आहे. मला आता तिसरं कुणीतरी पाहिजे."

बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी घंटी दाबली आणि दारावरचा सिक्युरिटीवाला आत आला. मिशीवाला, पोट सुटलेला, निवृत्तीला टेकलेला माणूस.

"यांना मनोविकारला घेऊन जा."

मास्तरीणबाईंनी पायातली चप्पल काढली, डावा पाय उचलून समोरच्या स्टुलावर ठेवला आणि पायचा गुडघ्यापर्यंत वर केला. खडूची खूण होती. त्यांनी पर्समधून टेप काढून सिक्युरिटीवाल्याच्या हातात दिला.

"भाऊ, मला हात लावायच्या आधी हा टेप लावा. या खुणेवर. आकडा मोठ्यानं वाचा."

"अहो बाई, मी कसा..."

"तुम्हाला आकडे वाचता येतात ना? मग झालं तर. मी वेडी आहे असं या फाइलमध्ये लिहिलंय. तुमच्याबद्दल तर काही लिहिलेलं नाही. तुम्ही वाचा."

सिक्युरिटीवाल्यानं डॉक्टरांकडे बघितलं, मग पायाकडे. पायाकडे बघितल्यावर त्याचा चेहरा बदलला. पोटरी तुकतुकीत ताणलेली होती, रंग लालसर-निळसर. तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं जपून टेप गुंडाळला.

"पावणेसोळा."

"आता उजवा."

"चौदा." त्यानं एकदा परत बघितलं. "साहेब, चौदाच आहे. फरक आहे साहेब."

काज-बटणवालीनं खाकी कागद टेबलावर पसरला, फाइलच्या वर. "हे चार दिवसांचं," ती म्हणाली. कागदावरचा हात तिनं काढला नाही.

शेजारच्या टेबलावर नवीन डॉक्टरीणबाई पेशंट तपासत होत्या. त्या मघापासून ऐकत होत्या. त्यांनी हातातलं पेन ठेवलं, उठून आल्या आणि पायाशी वाकल्या. बोटानं दाबून पाहिलं. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला.

"धाप लागते?"

"कालपासून. उभ्या-उभ्या पण."

"आता उठू नका. एक पाऊलसुद्धा चालायचं नाही. चाकाची खुर्ची आणा." हे शेवटचं सिक्युरिटीवाल्याला होतं, आणि तो मघाशी आला होता त्याच्या दुप्पट वेगानं गेला.

सोनोग्राफीत दिसलं. पायाच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी, पोटरीपासून मांडीपर्यंत. त्यातला थोडा भाग सुटून फुप्फुसापर्यंत पोचलाही होता, म्हणून धाप. आणखी मोठा सुटला असता तर बाई टेबलापाशीच गेल्या असत्या, हे डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू करण्याआधी त्यांनी चालू गोळ्यांची नावं विचारली, आणि मास्तरीणबाईंनी एकूण एक नाव मात्रेसकट सांगितलं.

"या गोळ्यांनी गुठळीचा धोका थोडा वाढतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात दहा दिवस ताप, अंथरूण."

"म्हणजे ती फाइल वाचून माझा पाय आधी बघायला पाहिजे होता."

डॉक्टरीणबाईंनी फाइलकडे बघितलं. "हो," त्या म्हणाल्या. "आधी बघायला पाहिजे होता."

संध्याकाळी भाऊ वॉर्डात आला. पलंगाच्या कडेला बसला आणि चादरीचं टोक चुरगळू लागला.

"ताई, मला वाटलं पुन्हा टाचण्यांसारखंच..."

"ठाऊक आहे मला काय वाटलं ते."

"चुकलं माझं."

"चुकलंच," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांना त्याला बरं वाटावं असं काही बोलता आलं असतं, पण त्यांनी बोलायचं नाही असं ठरवलं. "मी मेले असते, आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलं असतं, बिचारी, डोक्यानं अधू होती. माझा पाय खोलीत तुझ्यापासून चार हातांवर होता रे. वाकून बघायला काय झालं होतं तुला?"

भाऊ रडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कारण तो धाकटा होता. पण शब्द मागे घेतले नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी राउंड आला. पुढे जाड भिंगवाले डॉक्टर, मागे डॉक्टरीणबाई, त्यांच्यामागे सिस्टर. सूज उतरली होती, धाप थांबली होती. डॉक्टरांनी पलंगाच्या पायथ्याची फाइल उचलली, चाळली आणि म्हणाले, "छान. नशीबवान आहात तुम्ही."

"वाचून दाखवता का?"

"काय?"

"पहिल्या दिवशी मी आले होते, त्या दिवशी तुम्ही काय लिहिलंत ते."

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर छताकडे बघत होत्या. पान उलटलं गेलं आणि त्यांनी पुटपुटल्यासारखं वाचलं, "पायाबाबत अवाजवी चिंता. तपासणीत विशेष काही नाही."

"तपासणी?" मास्तरीणबाई उशीला टेकून सरळ बसल्या. "कुठली तपासणी? तुम्ही पाय बघितला नव्हतात. मी वाकले होते दाखवायला, तुम्ही पुढचं नाव पुकारलंत."

"बाई, गर्दी असते. आता बऱ्या झालात ना? मग कशाला उकरून काढायचं?"

"बरी झाले माझ्या माणसांनी टेप लावला म्हणून. उद्या माझं पोट दुखेल, छाती दुखेल, दात दुखेल. मी तोंड उघडायच्या आधी ही फाइल तुमच्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर जाईल आणि सांगेल, हिच्या पायाला काही झालेलं नव्हतं. माझ्यामागे ती खोटं बोलत फिरणार. ते मला चालणार नाही."

"लिहिलेलं खोडता येत नाही."

"खोडू नका. खाली लिहा."

वॉर्डातल्या बाकीच्या बायका उठून बसल्या होत्या. डॉक्टर दोन पावलं पुढच्या पलंगाकडे गेले. मास्तरीणबाईंनी पाय खाली सोडले, आणि सिस्टर घाईनं पुढे आल्या.

"अहो, उठू नका!"

"उठते कशाला, बसलेच आहे. लिहून होईपर्यंत इंजेक्शन घेणार नाही. मग लिहा फाइलमध्ये, पेशंट औषधाला नाही म्हणते. तेवढं तरी खरं असेल."

"मी लिहू का सर?" डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही बघितला होतात पाय. ज्यांनी बघितला नाही त्यांनी लिहायचं."

 मग डॉक्टर मागे फिरले. चष्मा पुसला, फाइल पलंगाच्या दांडीवर टेकवली आणि खिशातलं पेन काढलं. लिहिताना त्यांची मान वर झाली नाही. एक ओळ झाली, तसं त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"वाचा."

"पहिल्या भेटीत रुग्णाने पाय सुजल्याचे सांगितले होते. पाय तपासला नाही."

"तारीख?"

त्यांनी टोपण काढलं, तारीख घातली.

"वेळ?"

त्यांनी घड्याळात बघून वेळ घातली आणि पहिल्यांदाच मास्तरीणबाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"आता सही," मास्तरीणबाई म्हणाल्या.